पीएलसी चालू, कागद गायब

सकाळी केळवे रोड स्थानकावर डहाणूकडे जाणारी गाडी धरणाऱ्यांत तारापूर एमआयडीसीतले इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आणि प्लांट ऑपरेटर बरेच असतात. पालघर, उमरोळी, मग उतरायचं बोईसरला. त्यांच्यातल्या एखाद्याच्या वाट्याला कधी ना कधी हे काम येतंच: पॅनेलमधला पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर) बारा-पंधरा वर्षं बिनतक्रार चालतोय, ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं धंदा बंद केलाय, ड्रॉइंगची फाईल ऑफिस हलवताना गेली, प्रोग्राम ज्या लॅपटॉपवर होता तो भंगारात निघाला. आणि वरून निरोप आलाय की याच पीएलसीला आणखी एक पंप जोडायचा आहे, आठवड्याभरात.

रसायनं, औषधं, कापड, पोलाद, इंजिनिअरिंग असं सगळं तारापूरच्या एकाच वसाहतीत आहे. त्यामुळे पॅनेलांतही सीमेन्स, मित्सुबिशी, ॲलन-ब्रॅडली, डेल्टा, पुण्याची मेसुंग असे सगळे मेक भेटतात. युरोपातून जुनं आणलेलं मशीन असलं तर त्यातल्या टिपा जर्मनमध्ये किंवा इटालियनमध्ये. असा प्रोग्राम हाताळताना घाई करणारा माणूस फसतो आणि घाबरून हात न लावणाराही फसतो, कारण तो पीएलसी एक दिवस मरणारच असतो. काम जमतं ते ठरावीक क्रमानं गेलं तर.

हा गोंधळ मुळात आला कुठून, हे समजलं की तो क्रमही पटतो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं आणि त्याच वर्षी अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी बाजारात आला. तोवर कारखान्यातलं नियंत्रण म्हणजे रिलेंनी भरलेली कपाटं आणि त्यांच्यातली वायरिंग. त्या काळात ड्रॉइंग नसलं तर वायरमनला पॅनेल बांधताच येत नसे, त्यामुळे कागद आपोआप जन्माला यायचा. पीएलसी आला, वायरिंग मेमरीत गेलं आणि कागदाशिवायही मशीन चालू लागलं. इलेक्ट्रिशियनला वाचता यावं म्हणून प्रोग्रामचं चित्र, म्हणजे लॅडर, मात्र रिलेच्या ड्रॉइंगसारखंच ठेवलं गेलं. हरवलेला कागद परत उभा करता येतो, तो त्या लॅडरच्या आणि प्रत्यक्ष वायरच्या आधारानं.

पहिली पायरी बॅकअपची, आणि सगळ्यात मोठा अपघातही इथेच होतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘अपलोड’ म्हणजे पीएलसीतून लॅपटॉपकडे आणि ‘डाउनलोड’ म्हणजे लॅपटॉपमधून पीएलसीकडे. मोबाईलवर रोज डाउनलोड करणाऱ्या नव्या मुलाच्या डोक्यात हे नेमकं उलटं बसलेलं असतं. मित्सुबिशीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीड’ आणि ‘राइट’ असे सरळ शब्द आहेत, तिथे चूक कमी होते. रिकामा प्रोजेक्ट उघडून डाउनलोड दाबलं की चालू प्रोग्राम पुसला जातो आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. म्हणून पहिल्या दिवशी केबल लावताना शेजारी दुसरा माणूस उभा असावा आणि बटण दाबण्याआधी पडद्यावरचं वाक्य त्यानं मोठ्यानं वाचावं. हे पोरकट वाटलं तरी करावं.

केबल लावण्याआधी पीएलसीवरचे दिवे पाहून घ्यावेत. मित्सुबिशीच्या एफएक्स २एनसारख्या जुन्या मॉडेलमध्ये प्रोग्राम बॅटरीवर जगणाऱ्या रॅममध्ये असतो. बॅटरीचा दिवा लागलेला असला आणि पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली, तर वीज येईल पण प्रोग्राम येणार नाही. अशा वेळी आधी बॅकअप आणि मगच बॅटरी, तीही मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनं. त्याच फेरीत कुठे ‘फोर्स’ (इनपुट-आउटपुट जबरीनं चालू किंवा बंद धरून ठेवणं) लावून ठेवलाय का, हेही बघावं. सीमेन्सच्या एस७-३०० वर त्यासाठी वेगळा दिवा आहे. कुणीतरी काही वर्षांपूर्वी खराब लिमिट स्विच फोर्स करून मशीन चालवलं आणि तो फोर्स तसाच राहिला, असं आढळतं. तसं असेल तर लॅडर काहीही सांगो, मशीन त्याप्रमाणे वागत नसतं.

अपलोड झालं म्हणजे सगळं मिळालं, असं नाही. एस७-३०० मध्ये चिन्हांची नावं आणि टिपा सीपीयूत जातच नाहीत. त्या प्रोजेक्टमध्ये राहतात. अपलोड केल्यावर हाती येतात ते नुसते पत्ते. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० चंही तेच. त्यांच्याच कंट्रोललॉजिक्समध्ये टॅगची नावं कंट्रोलरमध्येच असतात आणि सीमेन्सच्या १५०० मालिकेत टिपाही सोबत येतात, त्यामुळे नवीन मशीनवाला तुलनेनं सुखी. दुसरी गोष्ट म्हणजे चालू किमती. ऑपरेटरनं स्क्रीनवरून भरलेले सेटपॉइंट, रेसिपी, टायमरच्या वेळा या डी-रजिस्टरमध्ये किंवा डेटा ब्लॉकमध्ये असतात. त्यांची प्रत वेगळी घेतली नाही आणि पुढे कधी जुना प्रोजेक्ट पीएलसीत टाकला, तर प्रोग्राम बरोबर चालेल पण तापमान कमिशनिंगच्या दिवशीचं लागेल. एचएमआयच्या, म्हणजे त्या स्क्रीनच्या, प्रत्येक पानाचे फोटो काढावेत. व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) पॅरामीटर आणि टेंपरेचर कंट्रोलरच्या सेटिंग उतरवून घ्याव्यात. प्रत दोन ठिकाणी ठेवावी. आणि जुनं सॉफ्टवेअर ज्या जुन्या विंडोजवर चालतं, त्या लॅपटॉपच्या डिस्कची इमेजही काढावी, कारण फाईल आहे पण उघडणारं यंत्र नाही, ही वेळ हमखास येते.

यानंतर लॅपटॉप मिटून पॅनेलकडे जावं. हा सल्ला जाणत्यांना उलटा वाटेल, कारण ओढ प्रोग्राम वाचायची असते. पण एक्स ४ हा इनपुट लेव्हल स्विच आहे की पुश बटण, हे प्रोग्राम कधीच सांगत नाही, वायर सांगते. टर्मिनल पट्टीपासून सुरुवात करून प्रत्येक इनपुटची वायर फेरूल नंबर पाहत फील्डपर्यंत न्यावी. एक माणूस मशीनपाशी प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोर लोखंडाची पट्टी धरतो, दुसरा पॅनेलपाशी कोणता दिवा लागला ते लिहितो. किनाऱ्याकडची खारी हवा आणि वसाहतीतली आम्लाची वाफ यांनी जुने फेरूल पुसट होतात, लग हिरवे पडतात. तिथे नंबरावर विश्वास न ठेवता कंटिन्युइटी घ्यावी, अर्थात सप्लाय बंद करून. सॉल्व्हंटच्या भागात फ्लेमप्रूफ बॉक्स चालू सप्लायवर उघडू नये, साधा मोबाईल नेऊ नये, वर्क परमिटशिवाय स्क्रू ढिला करू नये. आउटपुट तपासायचं तर मशीन रिकामं आणि मोटर आयसोलेट केलेली हवी.

इनपुट-आउटपुटच्या या यादीत एक खाचखळगा नवख्याला नेहमी अडवतो. एफएक्स आणि डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत इनपुट-आउटपुटचे आकडे अष्टमान पद्धतीनं जातात. एक्स ७ नंतर एक्स ८ नसतोच, थेट एक्स १० येतो. हे ठाऊक नसलेला माणूस दोन इनपुट हरवले म्हणून तासभर शोधत बसतो. जर्मनीतून आलेल्या सीमेन्सच्या प्रोग्राममध्ये इनपुटला ‘ई’ आणि आउटपुटला ‘ए’ लिहिलेलं दिसतं, कारण जर्मन भाषेत ते आइनगांग आणि आउसगांग आहेत. सेटिंगमध्ये भाषा बदलली की तेच ‘आय’ आणि ‘क्यू’ होतात.

आता लॅडर. पहिल्या रंगपासून (रंग म्हणजे लॅडरची एक ओळ) शेवटपर्यंत कादंबरीसारखं वाचायला गेलं की तिसऱ्या पानावर डोकं गरगरतं. आउटपुट धरून उलटं चालावं. हा व्हॉल्व्ह कशानं उघडतो? त्याच्या वाटेतले संपर्क कोण बदलतं? त्यातला प्रत्येक अंतर्गत रिले कुठे सेट होतो, कुठे रिसेट होतो? एका आउटपुटचा माग पूर्ण झाला की त्याला नाव द्यावं, टीप लिहावी, मग पुढचं आउटपुट. आठ-दहा आउटपुट झाली की उरलेला प्रोग्राम स्वतःहून उलगडायला लागतो.

उदाहरणादाखल एक रंग जवळून पाहू. समजा, एफएक्स २एनवर चालणारा एक रिॲक्टर आहे. वाय ३ हा जॅकेटला वाफ सोडणारा सोलेनॉइड, हे वायरवरून कळलंय. त्याच्या रंगमध्ये तीन संपर्क ओळीनं आहेत: एक्स १०, एक्स ११ आणि अंतर्गत रिले एम ५०३. एक्स १० ढवळणीच्या कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी निघाला. ढवळणी फिरत नसेल तर वाफ नाही, हे सरळ आहे. एक्स ११ तापमानाच्या वरच्या मर्यादेचा स्विच. लॅडरमध्ये तो नॉर्मली ओपन दिसतो आणि नवा माणूस म्हणतो, हे चुकलंय, तापमान वाढल्यावर वाफ चालू होईल. चुकलेलं नाही. फील्डमध्ये तो स्विच नॉर्मली क्लोज जोडलेला आहे. सगळं ठीक असताना इनपुट चालू असतो. तापमान वाढलं किंवा वायर तुटली की इनपुट जातो आणि वाफ बंद होते. फील्ड न पाहता हा संपर्क ‘दुरुस्त’ केला तर सुरक्षेची कडी उलटी बसेल.

उरला एम ५०३. ऑनलाइन पाहिलं तर तो बॅचच्या बहुतेक वेळात चालूच दिसतो आणि काहीच करत नाही असं वाटतं. क्रॉस रेफरन्स (तो पत्ता कुठे कुठे वापरलाय याची यादी) काढला की कळतं, आम्लाचं डोसिंग संपलं की तो सेट होतो, बॅच संपल्याचं बटण दाबलं की रिसेट होतो आणि तो सेट असेपर्यंत डोसिंग पंप चालत नाही. मग लिहिणाऱ्यानं एम १०३ का नाही घेतला? कारण एफएक्स २एनमध्ये मूळ सेटिंगनुसार एम ५०० पासून पुढचे रिले वीज गेली तरी आपली स्थिती धरून ठेवतात. जूनमधल्या एखाद्या वादळी रात्री बॅचच्या मध्यात वीज गेली आणि परत आली, तर पीएलसीला आठवलं पाहिजे की आम्ल आधीच पडलेलं आहे. कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेनं तो रिले बदलून एम १०३ केला, तर मशीन महिनोन् महिने छान चालेल आणि एका वीज-खंडानंतर त्याच रिॲक्टरमध्ये आम्ल दुसऱ्यांदा पडेल. म्हणून विचित्र दिसणारी प्रत्येक ओळ कुणीतरी कशासाठी तरी लिहिली होती असं धरून चालावं, आणि ते कारण सापडेपर्यंत तिला हात लावू नये.

आकडेही बोलतात, फक्त त्यांची भाषा मॉडेलगणिक वेगळी. एफएक्समध्ये टी ० समोर के ५० लिहिलं तर पाच सेकंद. टी २०० समोर तोच के ५० लिहिला तर अर्धा सेकंद, कारण टी १९९ पर्यंतचे टायमर शंभर मिलिसेकंदांचे आणि टी २०० ते टी २४५ दहा मिलिसेकंदांचे. सीमेन्सच्या प्रोग्राममध्ये २७६४८ हा आकडा दिसला की समजावं, इथे ४ ते २० मिलिॲम्पिअरसारख्या ॲनालॉग सिग्नलचं रूपांतर चाललंय. एम ८००० हा एफएक्समध्ये कायम चालू असणारा रिले, एम ८००२ चालू होतानाचा एकच पल्स, एम ८०१३ सेकंदाचं घड्याळ. डेल्टात हीच कामं एम १०००, एम १००२ आणि एम १०१३ करतात. डी ८०१८ म्हणजे घड्याळातलं वर्ष. एखाद्या मशीनच्या प्रोग्राममध्ये वर्ष किंवा महिन्याची तुलना आढळली, तर थांबून नीट पाहावं. शिफ्टचा हिशेब असू शकतो, आणि बिल न मिळाल्यास ठरलेल्या तारखेला मशीन बंद पाडणारं कुलूपही असू शकतं. ही प्रथा या धंद्यात आहे.

नव्या पंपासाठी मोकळा पत्ता शोधताना तर दुप्पट काळजी हवी. क्रॉस रेफरन्समध्ये डी ३४० कुठेच नाही म्हणजे तो रिकामा आहे, असं नसतं. एचएमआय किंवा स्काडा त्यात थेट लिहीत असेल. इंडेक्स रजिस्टर वापरून प्रोग्राम डी ३०० पासून पन्नास जागा भरत असेल. क्रॉस रेफरन्सला त्यातला फक्त पहिला पत्ता दिसतो. दोन-तीन दिवस पूर्ण बॅचभर त्या पत्त्यावर नजर ठेवावी, मगच तो घ्यावा. एकच आउटपुट दोन ठिकाणी लिहिलंय का, हेही तपासावं, कारण साध्या आउट कॉइलमध्ये स्कॅनमधला शेवटचा जिंकतो आणि वरच्या रंगमध्ये केलेली दुरुस्ती ‘लागत नाही’.

या सगळ्यापेक्षा जास्त माहिती अनेकदा रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे असते. “दादा, हा बझर वाजल्यावर तुम्ही काय करता?” एवढा एक प्रश्न कधी लॅडरच्या दहा पानांचं काम करतो. त्याला माहीत असतं की थंडीत पहिली बॅच नेहमी उशिरा सुटते, की एक व्हॉल्व्ह दोनदा उघडझाप केल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं आणि मग लॅडरमध्ये त्याची जागा शोधावी. एचएमआयवरची अलार्मची यादीही अशीच कामाची. अलार्मचा मजकूर आणि त्याचा पत्ता मिळाला की बिननावाच्या पन्नास रिलेंना नावं मिळतात.

पासवर्ड लागला तर? आधी पुरवठादाराला लेखी विचारावं, मशीन बनवणाऱ्याला विचारावं, जुन्या खरेदीची फाईल चाळावी. इंटरनेटवर मिळणारी पासवर्ड काढून देणारी फुकट किंवा स्वस्त टूल कारखान्याच्या लॅपटॉपवर चालवू नयेत. २०२२ साली ड्रॅगोस या सुरक्षा कंपनीनं अशाच एका टूलची तपासणी केली. ते एका पीएलसीचा पासवर्ड काढून देत होतं आणि त्याच वेळी संगणकात सॅलिटी नावाचा व्हायरस सोडत होतं. कायद्याची बाजूही ठाऊक असावी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार प्रोग्राम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत काढता येते, आणि त्याचं काम पाहून, अभ्यासून, चाचणी घेऊन त्यामागची तत्त्वं समजूनही घेता येतात. कुलूप तोडणं हा मात्र वेगळा विषय. तिथे खरेदीचा करार वाचून वकिलाचं मत घ्यावं. आणि काहीच जमलं नाही तर इनपुट-आउटपुट यादी आणि ऑपरेटरच्या माहितीवरून नव्यानं प्रोग्राम लिहून घेणं हा प्रामाणिक आणि बरेचदा स्वस्त मार्ग आहे.

बदल करायची वेळ आली की एका वेळी एकच बदल. आधीच्या प्रतीला तारीख, नव्या प्रतीला तारीख, बदल कुणी आणि का केला याची एक ओळ. औषधांच्या कारखान्यात चेंज कंट्रोलचा फॉर्म भरल्याशिवाय हे करताच येत नाही. रसायनांच्या आणि कापडाच्या कारखान्यांनीही तीच शिस्त उचलायला हवी. चाचणी आधी पाण्यावर घ्यावी, रसायनावर नंतर. इमर्जन्सी स्टॉपची वायर थेट कॉन्टॅक्टर तोडते की फक्त पीएलसीला कळवते, हे स्वतः पाहावं. फक्त कळवत असेल तर नवा पंप बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करावं.

चाचणीपुरता लावलेला बायपास काढल्याशिवाय शिफ्ट सोडू नये. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावी बायर क्रॉपसायन्सच्या कीटकनाशक युनिटमध्ये २८ ऑगस्ट २००८ रोजी स्फोट होऊन दोन कामगार गेले. युनिट नव्या नियंत्रण यंत्रणेसह सुरू होत होतं, ऑपरेटर त्या यंत्रणेला पुरते सरावले नव्हते आणि सुरक्षेचा इंटरलॉक बायपास केलेला होता, असं तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत नोंदलं गेलं. तारापूरच्या वसाहतीनं स्वतः स्फोट पाहिलेले आहेत. इथे हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी कागद किती करायचा? जाडजूड मॅन्युअल कुणी वाचत नाही. इनपुट-आउटपुटची यादी, प्रत्येक पायरीवर काय घडतं याची साध्या मराठीत किंवा हिंदीत दोन-तीन पानं, इंटरलॉकचा तक्ता आणि नावं-टिपा घातलेला प्रोग्राम, एवढं पुरतं. लॅमिनेट केलेली एक प्रत पॅनेलच्या दारावर आतून लावावी. वर्षातून एकदा, शटडाउनमध्ये, पीएलसीतला प्रोग्राम आणि जपलेली प्रत सॉफ्टवेअरमध्ये ‘कंपेअर’ करून पाहावी. फरक निघाला तर कुणीतरी मध्ये हात लावलाय.

आणि खरेदीवर सही करणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या मशीनच्या ऑर्डरमध्ये नावं आणि टिपांसह पीएलसीचा मूळ प्रोजेक्ट, एचएमआयची मूळ फाईल, सगळे पासवर्ड आणि प्रत्यक्ष झालेल्या वायरिंगचं ड्रॉइंग या चार गोष्टी लिहून घ्या. आपल्याच माणसानं आपल्याच लॅपटॉपवर तो प्रोजेक्ट उघडून, पीएलसीशी जुळवून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नका.